शिफारशीची अडत

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात पत्ते कुटले जातात, हे सांगायला साक्षीदार लागत नाही. लेकीबाळी माहेरी आलेल्या, झाडाला झोके बांधलेले, सालदारांचे जुने साल संपून नवे ठरायचे. गावाबाहेरच्या निंबाखाली, नाहीतर कुणाच्या मळ्यात, माणसे गोल करून बसलेली. त्या गोलात एकजण असा असतो की तो खेळत नाही. सतरंजी त्याची, पत्त्यांचे जोड त्याचे, रात्रीचा दिवा आणि चहाही त्याचाच. प्रत्येक डावातून तो थोडे पैसे बाजूला सारतो. त्या पैशांना म्हणतात नाल. डाव कुणीही जिंको, नाल निघतोच. नवखा पाहुणा आला की बसण्याआधी त्यालाच विचारतो, “डाव साफ शे ना?” तो मान हलवतो आणि पाहुणा मांडी घालतो. आता पाहुणा बसला तरच नाल वाढणार, हे दोघांनाही ठाऊक असते. तरी विचारायला तिथे दुसरे कोणी नसते.

इंटरनेटवरच्या कॅसिनोंच्या धंद्यात या माणसाला अॅफिलिएट म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. दलाल म्हणावे तर तो सौद्याला हजर नसतो, जाहिरातदार म्हणावे तर तो स्वतःला परीक्षक म्हणवतो. ‘सर्वोत्तम दहा कॅसिनो’ अशी यादी, प्रत्येकापुढे तारे, ‘आमच्या तज्ज्ञांनी तपासलेला’ असा शिक्का आणि शेजारी एक बटण. त्या बटणामागच्या लिंकमध्ये त्याचा क्रमांक दडलेला असतो. तुम्ही त्यातून गेलात, खाते उघडले, पैसे भरले की कॅसिनोच्या वहीत तुमच्या नावापुढे त्याचे नाव चढते.

त्याचे पैसे दोन तऱ्हांनी मिळतात. एक, माणूस आणून दिल्याबद्दल ठरलेली रक्कम, एकदाच. दुसरी, आणलेला माणूस जेवढे हरेल त्यातला वाटा, साधारण २५ ते ४० टक्के, आणि तोही बहुतेक करारांत खाते चालू असेपर्यंत. काहीजण दोन्हींचे मिश्रण करतात. तुम्ही एखाद्या महिन्यात जिंकलात तर त्याच्या खात्यावर उणे आकडा पडतो. काही कॅसिनो ते उणे पुढच्या महिन्यात ओढतात, काही महिनाअखेर पाटी कोरी करतात. अॅफिलिएट लोक आपसात कॅसिनोची प्रतवारी करताना या शेवटच्या कलमावर जेवढा खल करतात, तेवढा खेळाडूच्या कुठल्याही कलमावर करत नाहीत.

बाजार समितीत माल नेणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. वर्षानुवर्षे अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात होती. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद पाडले. माल तोच, तोलाई तीच, हमाली तीच. बदलले एवढेच की अडत कोण भरणार. तेवढ्याने राज्यभर गदारोळ झाला, कारण अडत्या नक्की कुणाचा माणूस हा प्रश्न त्यामुळे उघड्यावर आला. कॅसिनोच्या शिफारशीचीही अडत असते. ती हरणारा भरतो, फक्त त्याच्या पट्टीवर ती छापलेली नसते.

म्हणून ही सगळी तपासणी थोतांड आहे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. चांगले अॅफिलिएट खरोखर तपासतात, कारण जो कॅसिनो खेळाडूचे पैसे बुडवतो तो अॅफिलिएटचेही बुडवतो. शिवाय बुडव्याची शिफारस केली की पुढच्या वेळी कुणी त्या यादीकडे फिरकत नाही. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे.

सुरुवात परवान्यापासून. कॅसिनोच्या पानाच्या तळाशी एखाद्या नियामकाचा शिक्का असतो. शिक्क्याचे चित्र कुणीही चिकटवू शकतो. म्हणून परवाना क्रमांक, कंपनीचे नाव आणि साइटचा पत्ता ही तिन्ही नियामकाच्या स्वतःच्या नोंदवहीत जुळतात का, हे पाहायचे. पण परवान्यापरवान्यातही अंतर आहे. ब्रिटनचे गॅम्बलिंग कमिशन किंवा माल्टाची गेमिंग अथॉरिटी दंड करते, परवाना काढून घेते. कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव या छोट्या बेटावर मात्र अनेक वर्षे मूळ परवानाधारक अवघे चार होते आणि त्यांच्याकडून शेकडो साइटींनी पोटपरवाने घेतले होते. तक्रार करायची तर पोटपरवाना देणाऱ्याकडेच, म्हणजे ज्याला कॅसिनो भाडे भरतो त्याच्याचकडे. २४ डिसेंबर २०२४ पासून तिथे नवा कायदा लागू झाला, पोटपरवान्यांची पद्धत मोडीत निघाली आणि बेटाची अथॉरिटी आता थेट परवाना देते. आपल्याकडच्या मोबाइलवर ज्या परदेशी साइटी उघडतात, त्यांतल्या बऱ्याच जणींच्या तळाशी याच बेटाचे नाव दिसते. त्या परवान्याने भारतात खेळ चालवायचा कुठलाही हक्क मिळत नाही, ही ओळ मात्र तिथे नसते.

मग मालक शोधायचा. एकाच कंपनीचे पाच-दहा कॅसिनो वेगवेगळ्या नावांनी चालतात. त्यांतल्या एकाने कुणाचे पैसे अडवले असतील तर बाकीच्यांवरही खूण करायची. आपल्याकडे सोयरीक जमवताना मुलाच्या मामाकडची चौकशी करतात, तसेच हे.

खरे काम अटींच्या पानावर असते आणि तिथेच बहुतेक तपासनीस कंटाळतात. समजा, हजार रुपये भरले की हजार रुपये बोनस. अट अशी की बोनसच्या चाळीसपट रकमेचे डाव खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. म्हणजे चाळीस हजारांचे डाव. खेळ शंभरातले शहाण्णव रुपये परत देणारा धरला तरी चाळीस हजारांवर सरासरीने सोळाशे रुपये जातात. हजाराची भेट घ्यायला सोळाशेचा खर्च. त्यातच आणखी पोटकलमे: बोनस चालू असताना ठरावीक रकमेहून मोठा डाव लावला तर जिंकलेले जप्त, बोनसवर जिंकलेल्यातून अमुक इतकेच काढता येईल, ‘अनियमित खेळ’ आढळल्यास कंपनीचा निर्णय अंतिम. अनियमित म्हणजे काय, हे लिहिलेले नसते. कापूस विकताना ओलाव्याच्या नावाने कटती लावतात तेव्हा ओलावा मोजायचे यंत्र व्यापाऱ्याच्या हातात असते, त्याची आठवण होते. चांगला अॅफिलिएट हे पान शब्दन् शब्द वाचतो आणि अशा कलमासाठी गुण कापतो.

त्यानंतर खऱ्या पैशांची चाचणी. खाते उघडायचे, थोडे पैसे भरायचे, खेळायचे आणि काढायला टाकायचे. ओळखीची कागदपत्रे भरतानाच मागितली की काढताना? पैसे ‘प्रलंबित’ या रकान्यात किती दिवस बसले? आणि तेवढ्या दिवसांत ‘काढणे रद्द करा’ असे बटण समोर ठेवले होते का? हे बटण फार धूर्त आहे. जिंकलेला माणूस तीन दिवस वाट पाहतो, चौथ्या रात्री ते दाबतो आणि सगळे परत लावतो. ब्रिटनने २०२१ मध्ये ही सोय बंद केली. पण चाचणीत एक कच्चा दुवा राहतोच. तपासनीस दोन-तीन हजार काढून पाहतो. कॅसिनोची नियत कळते ती कुणी दोन-तीन लाख जिंकल्यावर.

खेळ खरा आहे का, हे पाहायला प्रयोगशाळा आहेत. लंडनची ईकोग्रा २००३ पासून हे काम करते, त्याशिवाय जीएलआय, आयटेक लॅब्स. यादृच्छिक आकडे खरोखर यादृच्छिक पडतात का, हे त्या तपासतात. पण अनेक स्लॉट खेळ आता वेगवेगळ्या परताव्याच्या आवृत्त्यांत विकले जातात: चित्रे तीच, संगीत तेच, एकात शंभराला शहाण्णव परत, दुसऱ्यात चौऱ्याण्णव, तिसऱ्यात त्याहून कमी. कॅसिनो कुठली आवृत्ती लावतो हे खेळाच्या माहितीपानात शिरल्याशिवाय दिसत नाही, आणि यादी करणारे सगळेच तिथे शिरत नाहीत.

राहिल्या तक्रारी, आणि माझ्या मते या धंद्याने खेळाडूसाठी काही केले असेल तर ते इथेच. १९९८ मध्ये सुरू झालेल्या कॅसिनोमाइस्टर या साइटने पैसे बुडवणाऱ्यांची नावे चारचौघांत टांगायची रीत पाडली. पुढे आस्कगॅम्बलर्स आणि कॅसिनो गुरू यांनी तक्रार नोंदवणे, कॅसिनोकडून उत्तर मागवणे, उत्तर आले नाही तर गुण खाली आणणे, अशी व्यवस्थाच उभी केली. जिथे नियामक झोपलेला आहे, तिथे अनेकांना आपले पैसे याच दारातून परत मिळाले आहेत. मात्र आस्कगॅम्बलर्स २०१६ मध्ये कॅटेना मीडिया या अॅफिलिएट कंपनीने विकत घेतले आणि पुढे ते त्याच धंद्यातल्या जीआयजीकडे गेले. तक्रार ऐकणारा आणि गिऱ्हाईक पाठवणारा एकाच छपराखाली राहतात. त्यामुळे न्याय मिळतच नाही असे नव्हे, पण घर कुणाच्या पैशावर चालते हे लक्षात ठेवलेले बरे.

जळगावच्या सराफ बाजाराशी ताडून पाहिले की फरक डोळ्यांत भरतो. जून २०२१ पासून दागिन्यावर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. तपासणाऱ्या केंद्राला नगामागे ठरलेली फी मिळते. सोने बावीस कॅरेट निघो की अठरा, फी तेवढीच. गिऱ्हाइकाने हार घेतला काय, न घेता घरी गेला काय, केंद्राला त्याचे सोयरसुतक नाही. कॅसिनोच्या परीक्षकाला मात्र ‘हा दागिना घेऊच नका’ असे सांगायचे शून्य रुपये मिळतात.

त्याचे परिणाम २०१७ साली ब्रिटनमध्ये दिसले. बातमीसारखा मजकूर फिरत होता: कर्जात आणि नैराश्यात बुडालेला एक माणूस, बायको आजारी, आणि कॅसिनोवर अचानक फिरलेले नशीब. लिहिणारे अॅफिलिएट होते, लिंक मोठ्या कंपन्यांच्या. तिथल्या जाहिरात मानक संस्थेने लॅडब्रोक्स, ८८८, स्काय बेट आणि कॅसुमो यांना जबाबदार धरले. मजकूर आम्ही लिहिला नाही, हा बचाव चालला नाही. त्याच वर्षी स्काय बेटने आपली अॅफिलिएट योजनाच गुंडाळली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल, ज्यांत अॅफिलिएटांच्याही होत्या, बीजीओ या कंपनीला तीन लाख पौंड आणि पुढच्या वर्षी लिओवेगासला सहा लाख पौंड भरावे लागले. तत्त्व साधे होते: तुझ्या नावाने कोण ओरडतो त्याची जबाबदारी तुझी. अमेरिकेतल्या न्यू जर्सीने आणखी नेमके पाऊल उचलले. माणूस आणून ठरलेली रक्कम घेणाऱ्याला साधी नोंदणी पुरते, पण हरण्यातला वाटा घेणाऱ्याला स्वतंत्र परवाना काढावा लागतो. अडत कुठून येते यावरून माणसाची जात ठरते, हे त्या राज्याने कायद्यात लिहून टाकले.

हे सारे लांबचे वाटेल. पण आपल्याकडे ही विद्या इंटरनेटच्या आधी आली आहे, आणि ती आली कापसाच्या गाडीतून.

अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते ६५, तिथला कापूस अडला आणि मुंबईतून इंग्लंडला जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. खान्देशची काळी जमीन त्या कापसाखाली गेली, त्याच सुमारास भुसावळ-जळगावला रेल्वे पोहोचली. पैसा मुंबईत साचला, सट्ट्यात उतरला आणि १८६५ मध्ये फुगा फुटला. पण कापसाच्या भावावर आकडे लावायची सवय उरली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडता आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईला यायचा, त्यावर लोक पैसे लावायचे. पिकवणारा इथला, भाव तिथला, जुगार मधला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द आजही चोपडा-शिरपूरच्या टपरीवर ऐकू येतात, ते त्या तारेची शिल्लक आहेत. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून हे भाव येणे थांबले, तेव्हा आकड्यांसाठी मडक्यातली चिठ्ठी आणि पुढे पत्ते आले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा मटका, १९६४ मध्ये रतन खत्री यांचा न्यू वरळी.

मटक्याची ‘तपासणी’ कशी व्हायची? परवाना नाही, प्रयोगशाळा नाही, अटींचे पान तर नाहीच. तरी माणसे तपासत होती. वरच्या टोकाला एकच कसोटी: आकडा उघड्यावर निघतो का. खत्री चारचौघांसमोर पत्ते काढायचे, म्हणून त्यांच्या आकड्यावर राज्याचा विश्वास होता, असे जुने लोक सांगतात. खालच्या टोकाला कसोटी होती चिठ्ठी लिहिणाऱ्याची, म्हणजे रायटरची. तो गावातला, त्याची टपरी ठरलेली, आकडा लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे मोजणारा. नाही मोजले तर पळून जाणार कुठे? घर माहीत, सासुरवाडी माहीत. ही पारख खरी होती, आणि ती एकाच प्रश्नाचे उत्तर देत होती: पैसा निंघतस का?

दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही. जोडी लागली की रुपयाला नव्वद रुपये, हा साधारण दर. जोड्या शंभर. म्हणजे शंभरांनी एकेक रुपया वेगवेगळ्या जोडीवर लावला तर शंभर रुपये आले, नव्वद गेले, दहा वर राहिले. दहा टक्के. युरोपातल्या रुलेटच्या चाकावर सदतीस घरे असतात आणि आकडा लागला की लावलेला धरून छत्तीस मिळतात. तिथे चालक सरासरीने सुमारे पावणेतीन टक्के ठेवतो. मोंटे कार्लोच्या झुंबराखालचा खेळ आपल्या टपरीवरच्या खेळापेक्षा स्वस्त, हे गणित प्रामाणिक रायटरनेही कधी गिऱ्हाइकाला सांगितले नाही. त्याची टक्केवारी लावलेल्या पैशांवर होती.

मटक्याने आपले परीक्षकही जन्माला घातले. जुन्या आकड्यांचे तक्ते, ‘गेसिंग’ची पत्रके, ‘फिक्स जोडी’ विकणारे बाबा. ज्याला जोडी आधी कळते तो ती पन्नास रुपयांना का विकतो, हा प्रश्न विचारणाऱ्याला खेळ कळत नाही असे समजले जाई. आणि खान्देशात टिप खरी ठरल्याची एक कहाणी तर सगळ्यांना पाठ आहे. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या कंपनीचे शेअर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवले, ती घरे विप्रोमुळे कोट्यधीश झाली. त्यात जुगार नव्हता, धीर होता. पण टिप विकणाऱ्याला तेवढा फरक सोयीचा नसतो.

आता टपरीची जागा फोनने घेतली. झन्नामन्ना, सोरट, चक्री या जुगारांवरच्या छाप्यांच्या बातम्या अजून येतात. त्यांतली जप्ती काही हजारांची असते. मोठा पैसा ‘आयडी’वर गेला. आयडी म्हणजे बेटिंग साइटवरचे खाते, पण ते स्वतः उघडायचे नसते. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी देतो. त्याच्यावर मास्टर, त्याच्यावर सुपर मास्टर, अशी उतरंड. महादेव बुक या सट्ट्याच्या अॅपच्या प्रकरणात ईडीने सांगितलेली रचना अशीच होती: शाखा म्हणजे पॅनेल ओळखीच्यांना चालवायला द्यायचे आणि नफा ७०-३० वाटायचा. मे २०२४ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी नारायणगावात एका इमारतीवर छापा घातला, तेव्हा या जाळ्याचे काम करणारे नव्वदहून अधिक लोक सापडले. टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या राहुट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात. हे जाळे जिथून चालायचे ती दुबई लांब आहे, असे मग कसे म्हणायचे?

इथे तपासणीचे काय होते, हे नीट पाहण्यासारखे आहे. मटक्याच्या रायटरकडून जी एक हमी होती, की हा आपला माणूस आहे, पळून जाणार नाही, ती आयडीवाला उसनी घेतो. तो पारोळ्याचा असतो, साक्रीचा असतो, कॉलेजात दोन वर्षे पुढे असतो. त्याने दिलेली साइट मात्र कुणाची हे त्यालाही माहीत नसते. ओळख गावातली, खेळ बेनामी. अटींचे पान तर कुणी उघडतच नाही, कारण खाते त्याने उघडून दिलेले. परदेशी अॅफिलिएट निदान परवान्याचा क्रमांक जुळवतो. आमचा माणूस ‘भाऊ, मी बसलो आहे ना’ एवढ्यावर भागवतो. आणि तुमच्या हरण्यातला वाटा दोघेही घेतात.

त्याच्या बाजूला सिग्नलवाले. एव्हिएटर नावाचा खेळ, २०१९ मध्ये स्प्राइब या जॉर्जियातल्या कंपनीने काढलेला, गावोगावच्या पोरांना ‘विमान’ म्हणून माहीत आहे. विमान वर जाते, आकडा वाढतो, उडून जायच्या आत पैसे काढायचे. ते कधी उडेल हे आधी सांगणारी ‘प्रेडिक्टर’ अॅपे टेलिग्रामवर विकली जातात. यादृच्छिक आकडा आधी सांगता येत नाही, तेवढ्यानेच हे दुकान बंद व्हायला हवे होते. पण फिक्स जोडीचेही झाले नव्हते. रीलमध्ये लाखो रुपये जिंकणारा पोरगा अनेकदा कॅसिनोने दिलेल्या दिखाऊ खात्यावर खेळत असतो, ज्यातले पैसे ना त्याचे, ना कुणाचे.

यातून एक नवी आपत्ती आली आहे, आणि जुन्या कुठल्याच तपासणीत तिचा रकाना नाही. परदेशी साइट पैसे घेते ते भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून. पोरे दोन-पाच हजारांसाठी आपले खाते, सिमकार्ड आणि पासबुक देऊन टाकतात. जिंकलेले पैसेही अशाच खात्यातून येतात. पुढे ते खाते कुठल्यातरी राज्यातल्या सायबर फसवणुकीच्या तक्रारीत अडकते आणि त्यातून ज्यांना ज्यांना पैसे गेले त्यांची खाती गोठतात. साडेतीन हजार जिंकलेल्या माणसाचे कापसाच्या पट्टीचे पैसे त्याच खात्यात असतात. ‘पैसा निंघतस का?’ या एका प्रश्नाला उत्तर ‘हो’ असूनही माणूस बुडतो, असा हा पहिलाच जुगार असावा.

कायद्याने काय केले? मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्यात केवळ कौशल्याचे खेळ वगळलेले. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले आणि त्या वाक्यावर पुढे ऑनलाइन रमीचा सारा इमला उभा राहिला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदाही केला होता. तो एक दिवसही अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचे ठरवले. गोव्यात मात्र मांडवीतल्या बोटी कायदेशीर आहेत. तिथे कॅसिनो निदान डोळ्यांना दिसतो, तक्रार घेऊन जायला दार असते. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या फोनवर विधान परिषदेत रमीचा डाव दिसल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेली जाहिरात घालवत होतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याकडचे कृषी खाते गेले, क्रीडा खाते आले.

महिनाभरात केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. कौशल्य की नशीब हा वाद त्याने बाजूला सारला: पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळच बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक मिळून जवळपास वीस हजार कोटी रुपये हरतात, असा सरकारचा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. कायद्याला न्यायालयात आव्हाने दिली गेली. पण या कायद्यानुसार भारतात बसून ‘हा कॅसिनो तपासलेला आहे’ असे सांगत लिंक देणे हाच गुन्हा आहे, तपासणी कितीही प्रामाणिक असली तरी. नोव्हेंबर २०२५ मध्ये वनएक्सबेट या परदेशी बेटिंग साइटच्या प्रकरणात माजी क्रिकेटपटू सुरेश रैना आणि शिखर धवन यांची मिळून ११.१४ कोटींची मालमत्ता ईडीने तात्पुरती जप्त केली, तीही जाहिरातीच्या पैशांवरून.

बंदीमुळे एक उलटा परिणाम होतो, तो सांगितलाच पाहिजे. कायद्याला घाबरणाऱ्या देशी कंपन्यांनी दुकाने बंद केली. न घाबरणाऱ्या परदेशी साइटी नव्या पत्त्यावर पुन्हा उभ्या राहतात. मार्च २०२५ मध्येच जीएसटी गुप्तवार्ता विभागाने ३५७ साइटी बंद केल्याचे आणि सातशेच्या आसपास परदेशी कंपन्या नजरेखाली असल्याचे सांगितले होते. म्हणजे ज्यांची थोडीफार तपासणी होऊ शकत होती ते गेले आणि ज्यांची कधीच होणार नव्हती ते राहिले. तरीही मला बंदीविरुद्ध बोलायचे धाडस होत नाही. तपासणीच्या बाजूने बोलणाऱ्या बहुतेकांची अडत कुठून येते, हे एव्हाना दिसले आहे.

आणि अडत हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. १८६५ मध्ये, सट्ट्याचा फुगा फुटला त्याच वर्षी, मुंबई सरकारने पैजांविषयी एक छोटा कायदा केला. खान्देश मुंबई इलाख्यातच होता, तेव्हा तो इथेही लागू झाला. पैज तर रद्दबातल व्यवहार म्हणून कोर्टात टिकत नव्हतीच. पण पैज जुळवून दिल्याबद्दलची दलाली, कमिशन किंवा बक्षीसही कोर्टातून वसूल करता येणार नाही, असे त्यात लिहिले होते. देशातल्या इतर भागांत अशी दलाली मागता यायची, मुंबई इलाख्यात नाही. मग दलाल वसुलीसाठी कोर्टात कशाला जातील? ते आपला हिस्सा आधीच कापून घेऊ लागले असतील, असा माझा तर्क आहे. नालवाला डाव संपायची वाट पाहत नाही.

गेल्या महिन्यात मला अनोळखी क्रमांकावरून निरोप आला. ‘जळगाव-धुळे स्पेशल. हजार टक्के ट्रस्टेड. चोवीस तास विथड्रॉवल.’ सोबत साइटला पाच तारे दिलेले चित्र. मी विचारले, पैसे कुणाच्या खात्यात भरायचे? लगेच क्यूआर आला. खाते एका कापड दुकानाच्या नावाचे. मी काही भरले नाही. तासाभराने पुन्हा निरोप: तो क्यूआर बंद झाला, हा घ्या. या वेळी नाव किराणा दुकानाचे होते.